नेपती

कपाट तिसरं, खण दुसरा.
जाड कागदावर टाक्यांनी बांधलेली एक फांदी.
दरवर्षी नवी पोरं येतात, म्हणतात,
मॅडम, हिची पानं गळून गेलीत, नमुना खराब झालाय.
मी मॅडम नाही. कपाट उघडणारी,
डांबरगोळ्या बदलणारी बोद्धुलबाई.
तरी सांगते : पानं नव्हतीच, बाळांनो.
हिरवेपण सगळं काडीत ठेवते ही,
काडीच्या बगलेत काटे, जोडीजोडीनं,
आणि नाव नेपती.
निष्पत्रीचं झिजून झालं असेल,
उन्हात भाषासुद्धा पानं गाळते.
(सर म्हणायचे, याला पुरावा नाही.
नसू दे.)

लेबलावर निळी शाई, साल सदुसष्ट.
गोळा करणार : ग. वि. अचलेरकर.
अधिवास : कोरडी, मुरमाड, चुनखडीची जमीन.
ठिकाण : सोलापूर, मिलच्या कुंपणाबाहेर, रुळांच्या कडेला.
आणि पुढे एकच शब्द –
विपुल.

त्याच कुंपणाच्या आत तेव्हा नायना साच्यावर होते.
पाळी सुटली की त्याच वाटेनं सायकल मारत घरी.
एकदा विचारलं, अशी अशी झुडपं होती का हो,
विटकरी फुलांची?
म्हणाले, धोतर फाटायचं तिथं.
फुलं कोण बघतंय.

आता मिल नाही. कुंपणही नाही.
तिथं गाड्या लावतात.

फांदीला कसर लागली म्हणून यंदा मार्चमध्ये
दोन पोरं, एक विळी, रद्दीचा गठ्ठा घेऊन
अकराच्या एसटीनं बोरामणीच्या अलीकडे उतरलो.
माळ पिवळा पडलेला, कुसळं सलवारीला,
गवताचा वास भाजलेल्या पापडासारखा.
आणि मधेच ती, कमरेइतकी,
कुणीतरी हिरव्या दोऱ्याचा गुंता करून टाकून दिलाय अशी.
सगळ्या गुंत्याला फुलं.
एवढं ऊन, आणि हिला आत्ताच सुचलंय.
एक शिंजीर उलटा लटकून पीत होता,
आम्हाला बघून हललासुद्धा नाही.

विळी लावली तशी मागून आवाज :
"काय करायलाव बाई? वाळकं समजून तोडायलाव का?"
सायव्वा. मागं तिची चाळीसेक मेंढरं.
म्हटलं, कॉलेजला पाहिजे, कागदावर लावायला.
ती हसली. कागदावर जगती व्हय ही?
मग स्वतःच वाकून चांगली फांदी दाखवली,
फूल, कळी, हिरवं फळ, तिन्ही एकीवर.
फळ पिकलं की गुलाबी होतं, म्हणाली, पोरं खातात.
कच्चं मिठात घालते मी.
पुढल्या साली या. असली तर.
हातातल्या काठीनं तिनं जमीन दाखवली :
फक्कीच्या पांढऱ्या रेघा, चौकोन, चौकोनात आकडे.
नेपती सतरामध्ये होती.
थोडी अठरामध्येही.

रात्री घरी फांदी दाबून ठेवली रद्दीत,
वर पाटा, पाट्यावर तांदळाचा डबा.
पंधरवड्यानं टाके घातले
नायनांच्या पेटीतल्या चादरीच्या सुतानं, वीस नंबरी.
बोटात काटा गेला. वाळूनही जातो तो.
मग लेबल. कुळ, तारीख, माझं नाव,
पहिल्यांदाच माझं.
अधिवास अचलेरकरांचाच उतरवला.
ठिकाण लिहिताना पेन ठेवलं, पेन्सिल घेतली.
पुढचा शब्द अजून लिहिलेला नाही.

जुना कागद रद्द करायच्या आधी
त्याच्या कोपऱ्यातली पुडी उघडली.
झडलेलं काही जपायला असते ती,
उघडत कुणी नाही.
आत एक पान.
जिऱ्याच्या दाण्याएवढं, तपकिरी.
कोवळ्या काडीवर चार दिवस येतं म्हणतात,
त्या चारातल्या एका दिवशी
माणूस तिथं, रुळांच्या कडेला, वाकला असणार.

पंखा बंद केला.
श्वास धरून पुडी पुन्हा घडीवर घडी घातली,
आणि नव्या कागदाला
तिच्यासाठी चार टाके जास्त.